बोटभर फट

११ फेब्रुवारी

ताई,

काल तुझ्या चित्राला मोजपट्टी लावली म्हणून मला कलासंग्रहालयातून बाहेर काढायचंच बाकी ठेवलं होतं. गार्ड म्हणाला, "काका, मागे व्हा." मी म्हटलं, "बाबा रे, हात नाही लावत, नुसतं माप घेतोय." तो म्हणाला, "चित्राचं माप खाली पाटीवर लिहिलंय." म्हटलं, "मला चित्राचं नकोय, चित्रातल्या खिडकीचं हवंय." त्यावर त्याने माझ्याकडे असं काही पाहिलं, की मी मुकाट्याने पट्टीची घडी करून खिशात टाकली आणि चार पावलं मागे सरलो.

सोळा वर्षांनी पत्र लिहितोय आणि सुरुवात ही अशी. पण नीट सुरुवात करायला बसलो असतो तर आणखी सोळा गेली असती. तुझा पत्ता तिथल्या व्यवस्थापक बाईंकडून घेतला. मी कोण म्हणून विचारलं, तर सांगितलं, चित्रकार बाईंचा सुतार. खोटं नाही ते.

सहाही चित्रं पाहिली. सहाहीत आपलीच खोली. एकात आईचं कपाट, एकात नुसता पलंग, एकात काहीच नाही, फरशीवर पडलेली उन्हाची पट्टी तेवढी. माणूस एकातही नाही. आणि प्रत्येकात ती खिडकी. डावी झडप आत उघडणारी, उजवी बाहेर.

एक प्राध्यापक विद्यार्थ्यांना घेऊन आले होते. माझे कान तुला ठाऊक आहेत. पाठमोरा उभा राहिलो आणि सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "ही खिडकी आधुनिक माणसाचं मन आहे. अर्धं घरात ओढलेलं, अर्धं रस्त्यावर फेकलेलं. लक्षात घ्या, अशी खिडकी वास्तवात अशक्य आहे. कुठलाही सुतार अशी खिडकी करणार नाही."

ताई, शप्पथ, जीभ चावून धरली.

चौदा वर्षांचा होतो मी. कामावर लागून आठ महिने झाले होते आणि आपल्या खोलीला खिडकी म्हणून नुसतं भोक होतं, त्यावर गोणपाट. मालकांनी उरलेलं लाकूड आणि उजव्या झडपेत बसेल एवढा काचेचा एक तुकडा दिला. सकाळी डावी झडप बसवली, खोलीत उभा राहून. दुपारी उजवी बसवली, बाहेर शिडीवर उभा राहून. दोन्ही वेळा बिजागरी माझ्या बाजूला ठोकली, झडप माझ्याकडे उघडेल अशी. संध्याकाळी शिडीवरून उतरलो, आत आलो आणि बघतो तर हे. तू हसून हसून पलंगावर आडवी झालीस. मी रडायच्या बेतात. आई मात्र दोन्ही झडपा उघडून, लावून, परत उघडून बघत बसली आणि म्हणाली, "बरंय की. एक झडप येणाऱ्याला, एक जाणाऱ्याला."

एवढंच तुझं ते आधुनिक मन.

सातव्या भिंतीवर काही नव्हतं. कोपऱ्यात एक पेटी लावलेली, बटण दाबलं की मुलाखत ऐकू येते. दाबलं, आणि भिंतीतून तुझा आवाज आला. थोडा खरखरीत झालाय. तू सांगत होतीस, "सात चित्रं व्हायची होती. सातवं आता होणार नाही. मी आठवून काढत नाही, समोर बसून काढते. आणि ती खिडकी जाळली गेली."

बटण तीनदा दाबलं. मग गार्ड परत आला.

बाईंनी सांगितलं की वीस सप्टेंबरला ते अख्खं दालन तुझ्या नावाने उघडणार आहे आणि तोवर सातवी भिंत रिकामी ठेवायचा त्यांचा हट्ट आहे. "आम्हाला आशा आहे," म्हणाल्या.

इकडे सगळं बरं आहे. तुझी वहिनी बरी आहे. कारखान्यात आता बावीस माणसं आहेत.

तुझा,
खिळ्या
(आता खिळा राहिलो नाही. खुंटा झालोय.)


१२ फेब्रुवारी

ताई,

काल पत्र पेटीत टाकलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "सगळं लिहिलंत?" म्हटलं, हो. म्हणाली, "म्हणजे मुख्य ते लिहिलं नाही."

तर मुख्य ते लिहितो.

तुझ्या वाढदिवसाची भेट होती ती नवी खिडकी. हे तुला तेव्हा कळलं होतं की नाही, मला अजून ठाऊक नाही. तू चित्रं पोचवायला चार दिवस परगावी गेली होतीस. आई जाऊन चार वर्षं झाली होती, माझं बस्तान नुकतं बसलं होतं, गावात माझ्या खिडक्यांचं नाव होऊ लागलं होतं, आणि माझ्याच बहिणीच्या खोलीत माझी ती पहिली, वाकडी, थट्टेची खिडकी. लोक तुझ्याकडे यायचे, बघायचे, विचारायचे, कोणी केली? आणि तू माझ्यासमोर मजेत सांगायचीस, "आमच्या खिळ्याने!" मला ते लागायचं, ताई. तू कौतुकाने म्हणत होतीस, हे मला आत्ता पन्नाशी उलटल्यावर समजतंय.

म्हणून चार दिवस खपून सागवानी खिडकी केली. अजून सांगतो, तशी खिडकी मी परत केली नाही. झडपा अशा मिटायच्या की मधून कागद जाणार नाही. जुनी चौकटीसकट उपटून काढली.

तू दारात उभी राहिलीस. पिशवीसुद्धा खाली ठेवली नाहीस. फरशीकडे बघितलंस, जिथे चार वाजता झडपांमधल्या फटीतून ती पट्टी पडायची तिथे. पट्टी नव्हती. मग म्हणालीस, "तू माझी खिडकी दुरुस्त केलीस?"

मी म्हटलं, "माझी चूक होती, मी सुधारली."

तू म्हणालीस, "चूक तुझी होती. खिडकी माझी होती. कुठे आहे ती?"

मला राग आला. चार दिवसांची मेहनत, आणि एक शब्द नाही. म्हटलं, "जाळली."

जाळली नव्हती, ताई. मागच्या भिंतीला टेकवून ठेवली होती, तुझ्यापासून वीस पावलांवर. तू पंधरा मिनिटांत सामान बांधलंस आणि मी ती वीस पावलं चाललो नाही. दुसऱ्या दिवशी भंगारवाला आला, त्याच्या गाडीवर चढवली. डोळ्यांसमोर नको म्हणून.

हे मुख्य.

खिळ्या


९ मार्च

ताई,

तुझं कार्ड मिळालं. सोळा वर्षांनी दोन शब्द: "कुठे आहे?" बायकोने ते आरशाच्या कडेला खोचून ठेवलंय. म्हणते, "शिव्या नाहीत, म्हणजे बोलणी सुरू झाली."

शोध घेतोय. भंगारवाला वारला, आता त्याची मुलगी गोदाम बघते. तिला सगळं आठवतं, बापापेक्षा पक्की आहे. म्हणाली, "येडी खिडकी ना? एक झडप आत, एक बाहेर? ती इस्त्रीच्या दुकानवाल्याने नेली. वाफ बाहेर जायला बरी म्हणाला." इस्त्रीवाल्याने दुकान बंद केलंय. त्याच्या मेहुण्याने सांगितलं, सामान रोपवाटिकेवाल्यांनी उचललं. रोपवाटिका म्हटलं तर आसपास अकरा आहेत. यादी केलीय.

काटकोन रोज विचारतो, मालक, आज कुठे? काटकोन म्हणजे आमचा मुख्य मिस्त्री. हातात कायम काटकोन तपासायचा गुण्या, जेवायचा डबासुद्धा टेबलाच्या कडेला काटकोनात ठेवतो, म्हणून नाव पडलं. त्याला वाटतंय मी कसलंतरी मोठं काम मिळवायच्या मागे आहे. बरोबरच वाटतंय त्याला.

खिळ्या


२ एप्रिल

ताई! ताई! ताई!

सापडली!

नीट सांगतो. आठ रोपवाटिका पालथ्या घातल्या. नववीचा रस्ता उखडलेला, म्हणून आधी फोन केला. मालकीणबाई फोनवर आल्या. म्हटलं, "तुमच्याकडे एखादी जुनी लाकडी खिडकी आहे का?" म्हणाल्या, "नाही बुवा. आमच्याकडे रोपं मिळतात." म्हटलं, "इस्त्रीच्या दुकानातून आलेली?" म्हणाल्या, "अहो, नाही म्हटलं ना. थांबा जरा, वारा सुटलाय, कागद उडताहेत..."

आणि मागून आवाज आला. कुईंऽऽ, टक्. मग एका श्वासाइतकं थांबून, टक्.

आधी डावी, मग उजवी. उजवी आधी लावली तर डावी नीट बसत नाही, हे फक्त या एका खिडकीचं आहे. आणि ती कुईं तर मी झोपेतसुद्धा ओळखीन. तू पहाटे उठून ती उघडायचीस आणि मी चादर डोक्यावर ओढायचो.

मी फोनमध्ये ओरडलो, "बाई, आत्ता तुम्ही काय लावलंत?"

"खिडकी."

"कसली?"

"जुनी लाक..." मग म्हणाल्या, "अगंबाई. हिला तुम्ही खिडकी म्हणता होय? आम्ही हिला कटकट म्हणतो."

उखडलेल्या रस्त्याने टेम्पो कसा नेला ते विचारू नकोस. त्यांच्या कार्यालयात होती, ताई, रोपांच्या ट्रेमागे. हिरवा रंग फासलाय, खालून तुझा निळा डोकावतो. बाई शहाण्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी ओळखलं की मी रिकाम्या हाताने जाणार नाही. म्हणाल्या, "भोक ठेवून जाणार का भिंतीला?"

म्हटलं, "याहून सरस खिडकी देतो. सागवानी. कागद जाणार नाही मधून."

कुठली, ते तू ओळखलं असशील. आपल्या खोलीतली माझी ती निर्दोष खिडकी परवा काढली आणि स्वतः जाऊन त्यांच्याकडे बसवून आलो. बाईंनी दोन्ही झडपा लावून बघितल्या. म्हणाल्या, "छान आहे हो. पण माझी रोपं गुदमरतील."

तू कधी येतेस? खोलीला सध्या भोक आहे आणि गोणपाट. चौदा वर्षांचा झाल्यासारखं वाटतंय.

खिळ्या


१४ मे

ताई,

आनंदाच्या भरात एक गोष्ट लिहायची राहिली. राहिली म्हणजे लपवली. पाणी मारून मारून खालची चौकट कुजलीय. हात लावला तर भुगा. झडपा ठणठणीत आहेत, चौकट नवीन करावी लागली. म्हणजे झडपा परत बसवणं आलं. म्हणजे चुकवणं आलं.

तुझं दुसरं कार्ड वेळेवर आलं: "फट बोटभर हवी. खिळ्याच्या बोटाएवढी, खुंट्याच्या नाही."

तुला वाटतं सोपं आहे. चव्वेचाळीस वर्षं हात बरोबर करायला शिकलाय, ताई, त्याला आता चूक येईना! काटकोनाला सांगितलं, एक आत, एक बाहेर. त्याने गुण्या खाली ठेवला. मी त्याला गुण्या खाली ठेवताना कधी पाहिलं नव्हतं. म्हणाला, "मालक, मी राजीनामा देतो." म्हटलं, "अरे, बहिणीसाठी आहे." म्हणाला, "बहिणीशी एवढं वाकडं?"

शेवटी मीच बसवली. पहिल्यांदा फट आली सुतासारखी, एकसारखी, वरपासून खालपर्यंत. बघायला सुंदर आणि कामाची शून्य. दुसऱ्यांदा मुद्दाम वाकडी केली, तर ती मुद्दाम केलेली दिसत होती. लबाडासारखी. मग संग्रहालयात गेलो. गार्डने लांबूनच हात वर केला. मी दोन्ही हात मागे बांधून तिसऱ्या चित्रापुढे अर्धा तास उभा राहिलो. तू पट्टी कशी काढलीयस, ते तेव्हा पहिल्यांदा बघितलं. कपाटाच्या पायापाशी करंगळीएवढी, आणि पलंगाकडे जाता जाता रुंदावत. फरशीच्या तिसऱ्या चौकोनावर संपते. म्हणजे फट वर बारीक, खाली मोठी. म्हणजे उजवी झडप कललेली. का कलली? तर शिडी खाली डावीकडे लागेना, म्हणून मी वाकून ठोकत होतो!

लोक चित्रात मन बघतात. मी माझी शिडी बघितली.

तसंच केलं. सकाळी आत उभा राहून डावी. दुपारी बाहेर, शिडी मुद्दाम उजवीकडे लावून, वाकून, तोंडात खिळे धरून, डोळ्याच्या अंदाजाने. पट्टी नाही, गुण्या नाही. खाली बायको शिडी धरून उभी. "अहो, पडाल." "नाही पडत." "शेजारी बघताहेत." "बघू देत." "त्यांना वाटेल, एवढा मोठा खिडकीवाला आणि स्वतःच्या घरची उलटी लावतोय." म्हटलं, "मग तू सांग त्यांना, ही माझी सगळ्यात अवघड खिडकी आहे." तर तिने खरंच सांगितलं. वरच्या मजल्यापर्यंत ऐकू जाईल असं.

चार वाजता खोलीत गेलो. कपाटाच्या पायापासून निघालेली पट्टी तिसऱ्या चौकोनावर थांबली.

दाराशी काटकोन उभा होता. कधी आला कुणास ठाऊक. पट्टीकडे बघत म्हणाला, "मालक, हे मला जमलं नसतं."

ये आता.

खिळ्या


२८ जून
(दाराखालून)

ताई,

तू बोलायचं नाही म्हणालीस, लिहायचं नाही असं म्हणाली नाहीस.

तू येऊन दार लावून घेतलंस, त्याला आज नववा दिवस. जेवण झाकून ठेवलंय. वहिनी विचारते, कालची वाटी रंगाने का भरलीय. ती नवी वाटी होती.

आणि चित्राकडे मी बघणार नाही, कबूल. पण ऐकू येतं त्याला काय करू? काल दिवसभर तुझा ब्रश सर्रसर्र चालला होता, मोठ्या हाताचा. आज सकाळपासून बारीक काम आहे. टुक, टुक, टुक, एकाच जागी, उजव्या बाजूला. तिथे काय काढतेयस?

मघाशी तू खिडकी उघडलीस. कुईं आली आणि मी इथे पायरीवर बसून नाक शिंकरलं. सर्दी झालीय.

खिळ्या


२० सप्टेंबर

ताई,

तू गर्दीला येणार नाहीस म्हणालीस आणि मला पाठवलंस. "तू जा, ऐक, आणि मला लिही." तर हा घे अहवाल.

दालन खच्चून भरलं होतं. बाईंचे डोळे रडून लाल. सातव्या भिंतीपुढे सगळ्यात मोठा घोळका. मी सहा चित्रं क्रमाने बघत गेलो आणि सातव्याजवळ आल्यावर पाठ फिरवून उभा राहिलो. तू झाकून नेलंस, गाडीत चढवताना मला कोपऱ्याला हात लावू दिलास, तेवढीच माझी ओळख. भीती वाटत होती, ताई. खिडकी चुकली असेल तर? म्हणजे चुकायची तशी चुकली नसेल तर?

म्हणून आधी कानांनी बघितलं.

एक बाई म्हणाली, "ही तीच खोली, पण श्वास घेतेय." तिचा नवरा म्हणाला, "पट्टी बघ, हलतेय असं वाटतं." एका म्हाताऱ्या गृहस्थांनी नाव वाचलं, मोठ्याने, सावकाश: "एक येणाऱ्याला, एक जाणाऱ्याला." आईचं वाक्य अनोळखी माणसाच्या तोंडून.

मग कोणीतरी म्हणालं, "अरे, यात माणूस आहे!"

आणि गलका झाला. सहा चित्रांत कोणी नाही आणि सातव्यात माणूस! "कुठे?" "उजव्या झडपेच्या काचेत. भिंतीआड उभा आहे, म्हणून नुसता काचेत दिसतो." "शिडीवर आहे." "तोंडात काय धरलंय त्याने?" "खिळे वाटतं."

प्राध्यापक होतेच. घसा साफ करून म्हणाले, "हा बाहेरचा. जो सतत खिडकीशी उभा असतो आणि कधी आत येत नाही. मला वाटतं, हा मृत्यू आहे."

तुझी वहिनी म्हणाली, "मृत्यू एवढा जाड नसतो."

सगळे तिच्याकडे वळले. ती म्हणाली, "आणि शिडी मी धरलीय. मी चित्रात नाही, त्याबद्दल ताईंशी बोलेन."

त्याच वेळी गार्ड माझ्याजवळ आला. मी सवयीने हात मागे बांधले. त्याने चित्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, परत चित्राकडे पाहिलं. मग घोळक्यात हात घालून वाट केली आणि म्हणाला, "काका, पुढे या."

गेलो, ताई. बघितलं. उजवी झडप कललेली आहे. फट वर बारीक, खाली मोठी. नखाएवढ्या काचेत मी आहे, वाकलेला, आणि आतल्या खोलीकडे बघत नाहीये, बिजागरीकडे बघतोय. बरोबर ओळखलंस. त्या दिवशी मी फक्त बिजागरीकडेच बघत होतो. चौदाव्या वर्षीही, बेचाळिसाव्या वर्षीही. खोलीत कोण बसलंय, हे बघायचं राहून गेलं.

खाली पाटी होती. तुझं नाव. त्याखाली: "खिडकी: धाकटा भाऊ."

प्राध्यापकांनी ती वाचली, चष्मा काढून पुसला, परत वाचली. मग माझ्याकडे येऊन हळूच म्हणाले, "एक विचारू? अशी का केलीत?" मी म्हटलं, "सकाळी आत होतो, दुपारी बाहेर होतो." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. पुढच्या व्याख्यानात येईल, बघ.

परत आल्यावर कारखान्यात गेलो. काटकोनाने सगळ्यांना फाटकात उभं केलं होतं. बावीस माणसांनी टाळ्या वाजवल्या, एका उलट्या खिडकीसाठी.

आता तुझ्या खोलीत बसून हे लिहितोय. चार वाजता दोन्ही झडपा लावून पाहिल्या, पट्टी तिसऱ्या चौकोनावर आली. आता बाहेर वारा आहे, म्हणून उजवी झडप लावलेलीच ठेवलीय.

डावी उघडी आहे.

खिळ्या